पुढची कातडी मागं जात नसेल तर काय करायचं? मोठ्या माणसांच्या फायमोसिसबद्दल सगळं सविस्तर

मी बेळगावात सर्जिकल वॉर्डात ब्रदर म्हणून काम करतो, त्यामुळं हे दुखणं माझ्यासमोर कायम येतं, पण बाहेर त्याबद्दल कुणी तोंड उघडत नाही. लग्न ठरलेला पोरगा असो, पन्नाशीतले काका असोत नाहीतर शुगरवाले आजोबा असोत, ओपीडीत आल्यावर सगळे एकच सांगतात, "लघवीला जरा जळजळतंय." खरं काय ते पडद्याआड गेल्यावरच कळतं. तोवर मेडिकलमधून आणलेली दोन-तीन मलमं लावून झालेली असतात, कुणी कसलं तरी तेल चोळलेलं असतं, कुणी जोर लावून कातडी ओढून रक्त काढून घेतलेलं असतं. हे सगळं टाळता येतं म्हणून एवढं लांबलचक लिहितोय, वेळ काढून पूर्ण वाचा आणि घरात कुणाला असा त्रास असेल तर त्यालाही गप्पपणे वाचायला द्या.

एक गोष्ट आधी डोक्यात पक्की करा. कातडी घट्ट होणं हे वरून दिसणारं लक्षण आहे, ती का घट्ट झाली ते प्रत्येकाचं वेगळं असतं आणि उपाय त्या कारणावर ठरतो. कारण न शोधता मलमही लावू नका आणि ऑपरेशनलाही हो म्हणू नका.

फायमोसिस म्हणजे नेमकं काय

मोठ्या माणसात लिंगाच्या टोकावरची सैल कातडी मागं सरकून आतलं टोक पूर्ण उघडं व्हायला पाहिजे. ती अजिबात सरकत नाही, किंवा थोडी सरकून अडकते, किंवा एरवी सरकते पण ताठरता आली की सरकत नाही, ह्या सगळ्याला फायमोसिसच म्हणतात. फक्त त्याच्यात कमी-जास्त असतं.

जन्मलेल्या बाळात कातडी टोकाला चिकटलेलीच असते, तो आजार नव्हे. वय वाढेल तशी ती आपोआप सुटत जाते आणि सोळा-सतरा वर्षांपर्यंत शंभरात एखाद्याचीच राहते. म्हणून लहान पोराला आंघोळ घालताना "साफ करायचं" म्हणून कातडी मागं ओढायची पद्धत काही घरात आहे ती कृपा करून बंद करा, तिथं जखमा होतात आणि जखमेच्या व्रणामुळं पुढं जाऊन खरा फायमोसिस तयार होतो.

मोठ्या माणसात दोन तऱ्हा दिसतात. एकाची कातडी लहानपणापासून कधी पूर्ण मागं गेलेलीच नसते, त्याला वाटतं सगळ्यांचं असंच असतंय आणि लग्नाच्या वेळी कळतं. दुसऱ्याची आधी व्यवस्थित जात होती आणि आता वर्षा-सहा महिन्यात घट्ट झाली. ही दुसरी तऱ्हा जास्त लक्ष देण्यासारखी, कारण चांगली चालणारी कातडी उगाच घट्ट होत नाही. तिच्यामागं बहुतेक वेळा ह्यातलं काहीतरी सापडतं: पुन्हा पुन्हा होणारं इन्फेक्शन, वाढलेली शुगर, ओढाताणीत फाटून भरलेल्या जखमा, किंवा लायकेन स्क्लेरोसस नावाचा कातडीचा आजार ज्यात कातडी पांढरी, चकचकीत आणि कडक होत जाते.

आणि हो, प्रत्येक घट्ट कातडीला उपचार लागतोच असं नाही. लघवी मोकळी होते, आतून साफ करता येतं, संबंधाच्या वेळी दुखत नाही, लाल होत नाही, तर काहीही करायची गरज नाही. नुसतं नेटवर फोटो बघून घाबरून येणारी पोरं पण खूप आहेत.

पहिली पायरी: घरी स्वतः बघा, ओढू मात्र नका

कोमट पाण्यानं आंघोळ केल्यावर कातडी मऊ झालेली असते, तेव्हा उजेडात बघा. हलक्या हातानं जेवढी मागं जाते तेवढीच न्या, दुखायला लागलं की थांबा. एवढ्या गोष्टी लक्षात ठेवा, डॉक्टर ह्याच विचारणार:

टोक दिसतंय का, किती दिसतंय. कातडीच्या तोंडाशी जी घट्ट कडा आहे ती नेहमीच्या रंगाची आणि मऊ आहे, की पांढरट, कडक, व्रण पडल्यासारखी. कडेला उभ्या बारीक चिरा आहेत का, मीठ-लिंबू लागल्यासारखं झोंबतं का. आत पांढरा दह्यासारखा थर, खाज, वास आहे का. लघवी करताना कातडी आधी फुगते आणि मग धार येते का, धार बारीक किंवा फाटलेली येते का. ताठरता आल्यावर दुखतं का. कातडी मागं जाते पण खालच्या बाजूची बारीक दोरीसारखी शीर ताणून टोक वाकतं असं असेल तर तो फायमोसिस नसून ती शीर आखूड असण्याचा प्रकार आहे. पहिल्या संबंधाला पुरुषाला रक्त येतं ते बऱ्याचदा ह्या शिरेचं, आणि त्याचं ऑपरेशन वेगळं आणि अजून छोटं असतं.

टोकावर किंवा कातडीखाली गाठ लागते, महिनाभर न भरणारा घाव आहे, रक्त मिसळलेला घाण वासाचा स्राव येतो, जांघेत गाठ आली आहे, ह्यातलं काहीही असेल तर पुढचं वाचत बसू नका, ह्याच आठवड्यात सर्जनला दाखवा. लिंगाचा कॅन्सर सगळ्यांना होत नाही, पण वर्षानुवर्षं बंद राहिलेली कातडी आणि आत साठणारी घाण ही त्याची ओळखीची कारणं आहेत, तंबाखूनं तो धोका अजून वाढतो, आणि आपला निपाणी भाग तर तंबाखूचाच. कातडी बंद असल्यामुळं आतला घाव दिसत नाही हीच खरी अडचण. साठीनंतर ज्याची कातडी नव्यानं बंद झाली आहे त्यानं तर आत काही नाही ना हे बघून घेतलंच पाहिजे.

रात्री-बेरात्री पळायला लागणारी एकच गोष्ट

हा भाग सगळ्यांनी वाचा, त्रास असो नसो. घट्ट कातडी कशीतरी मागं गेली आणि परत पुढं येईना, तर तिला पॅराफायमोसिस म्हणतात. बोटात घट्ट अंगठी अडकली की पुढचं बोट सुजतं आणि सूज आल्यावर अंगठी अजूनच निघत नाही, अगदी तसंच इथं होतं. टोक सुजतं, रक्त अडतं, आणि वेळ गेला तर टोकाची कातडी काळी पडते.

लगेच लक्षात आलं तर घरी एकदा प्रयत्न करून बघा. स्वच्छ ओल्या कापडात सुजलेलं टोक मुठीत धरून पाच-दहा मिनिटं हळूहळू सारखं दाबून ठेवा, सूज थोडी उतरली की दोन्ही अंगठ्यांनी टोक आत दाबत बाकीच्या बोटांनी कातडी पुढं आणा. कापडात गुंडाळलेला बर्फ थोडा वेळ धरला तरी चालतं, थेट बर्फ नको. नाही आली तर परत परत झटत बसू नका, जवळच्या दवाखान्याच्या कॅज्युअल्टीत जा, रात्रीचे दोन वाजले असले तरी जा, गाडीची सोय नसेल तर १०८ ला फोन करा. सकाळी बघूया म्हणणं इथं चालत नाही.

घरात लघवीची नळी घातलेलं म्हातारं माणूस असेल तर अजून एक. मध्यंतरी एक आजोबा आले होते, प्रोस्टेटमुळं नळी होती. मुलगा मन लावून रोज नळीची जागा पुसत होता, कातडी मागं करून स्वच्छ करायचा, पण एके दिवशी पुढं आणायची राहिली. दोन दिवसांनी आणलं तेव्हा टोक जांभळं पडून कातडीचा सुजलेला कडा त्याच्या मागं दोरी बांधल्यासारखा बसला होता, आजोबा नळी दुखते एवढंच सांगत होते आणि घरच्यांना पण नळीचंच वाटलं. डॉक्टरनी इंजेक्शन देऊन बधीर करून बराच वेळ दाबून धरलं आणि मग ती पुढं आली, थोडक्यात निभावलं. नळी पुसून झाली की कातडी पुढं आणायची, हे नळी घातलेल्या प्रत्येक पेशंटच्या घरच्यांना माहीत पाहिजे.

दुसरी पायरी: शुगर बघा

हे मी वेगळं लिहितोय कारण इथंच सगळ्यात जास्त राहून जातं. लघवीतून साखर जायला लागली की कातडीच्या आत ओल आणि साखर दोन्ही मिळतात, बुरशीला अजून काय पाहिजे. खाज येते, चिरा पडतात, चिरा भरताना कातडी आवळते, परत संबंधात नाहीतर ओढताना चिरते, परत आवळते. चाळिशी-पन्नाशीतला माणूस नवीन फायमोसिस घेऊन येतो आणि त्याची शुगर काढली तर तीनशे निघते, त्याला स्वतःला माहीतच नसतं, असं बऱ्याचदा होतं. उपाशीपोटी शुगर १२६ किंवा जास्त, किंवा एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी रक्ताची टेस्ट) ६.५ किंवा जास्त आली तर डायबिटीस धरतात, पक्कं करायला डॉक्टर टेस्ट परत करायला सांगतात.

ज्यांना आधीपासून डायबिटीस आहे त्यांनी आपल्या गोळ्यांच्या पाकिटावर डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन असं नाव आहे का बघा. ह्या गोळ्या चांगल्या आहेत, हृदयाला आणि किडनीला पण फायदा करतात, पण त्या शुगर लघवीवाटे बाहेर काढतात त्यामुळं तिथलं बुरशीचं इन्फेक्शन वाढतं. स्वतःच्या मनानं बंद करू नका, पण ज्या डॉक्टरनी लिहून दिल्या त्यांना हा त्रास सांगा, ते बदलून देतात नाहीतर काळजी कशी घ्यायची ते सांगतात. लाजेपोटी शुगरच्या डॉक्टरला हे कुणी सांगतच नाही आणि गोळी वर्षभर तशीच चालू राहते.

तिसरी पायरी: कुणाला दाखवायचं आणि काय बोलायचं

जनरल सर्जन किंवा युरोलॉजिस्ट. कातडी पांढरी-कडक असेल तर स्कीनच्या डॉक्टरला पण दाखवता येतं. खानापूर, चिकोडी, हुक्केरी, अथणी, निपाणी इथल्या सरकारी दवाखान्यात आधी दाखवा, तिथून बेळगावला बिम्सला म्हणजे आपल्या सिव्हिलला पाठवतात. नेहरूनगरच्या केएलई हॉस्पिटलात युरोलॉजीचा वेगळा विभाग आहे. निपाणीची माणसं कोल्हापूरला सीपीआर ह्या सरकारी दवाखान्यात जातात, कागवाड-अथणी बाजूला मिरजच जवळ पडतं. कुठंही जा, पण बस स्टँडच्या भिंतीवर "गुप्त रोगावर खात्रीशीर इलाज" म्हणून नंबर लिहिलेला असतो तिकडं जाऊ नका. तिथं मिळणाऱ्या तेलानं व्रण पडलेली कातडी सैल होत नाही, पैसे जातात आणि मुख्य म्हणजे महिने जातात.

कन्नड नीट बोलता येत नाही म्हणून बरेच जण अडखळतात. इथले बहुतेक डॉक्टर मराठी समजतात, नसतील तर सिस्टर-ब्रदर असतात, आणि तरीही अवघड वाटत असेल तर चिठ्ठीवर "फायमोसिस" एवढं लिहून टेबलावर ठेवा, पुढचं डॉक्टर विचारतात. लेडी डॉक्टर असतील आणि नको वाटत असेल तर "सर आहेत का" असं सरळ विचारा, कुणी वाईट मानत नाही. आजपर्यंत घेतलेली गोळी, लावलेलं मलम, सगळ्याची रिकामी ट्यूब-पाकीट बरोबर न्या.

तपासणी दोन-तीन मिनिटांची असते, दुखत नाही. बहुतेक वेळा नुसतं बघून निदान होतं, बाकी शुगर, लघवी, कधी स्रावाची टेस्ट. लैंगिक संबंधातून आलेलं इन्फेक्शन वाटत असेल तर जिल्हा हॉस्पिटलच्या सुरक्षा क्लिनिकमध्ये तपासणी आणि औषध मोफत असतं आणि नाव गुप्त ठेवतात.

चौथी पायरी: मलम आणि हलका ताण

कातडी मऊ आहे, कडा पांढरी-कडक नाही, आत इन्फेक्शन नाही, अशा माणसाला आधी मलम द्यायचं असतं. स्टिरॉइडचं मलम, जास्त करून बीटामेथासोन, ह्यानं कातडी पातळ आणि लवचिक होते. लहान पोरांमध्ये ह्याचा गुण फार चांगला येतो, मोठ्यांमध्ये तेवढा नाही, पण चांगल्यापैकी लोकांचं ऑपरेशन ह्यानं टळतं, म्हणून करून बघण्यासारखं आहेच.

आत लाल, खाज, पांढरा थर असेल तर आधी ते बरं करायचं. बुरशी असेल तर क्लोट्रिमॅझोल सारखं मलम एक-दोन आठवडे देतात, शुगर आटोक्यात आणतात, आणि मग स्टिरॉइड. उलटं केलं, म्हणजे बुरशीवर नुसतं स्टिरॉइड चोळलं, तर दोन दिवस खाज थांबते आणि नंतर दुप्पट येते. मेडिकलमध्ये "खाज येते" म्हटल्यावर स्टिरॉइड, अँटिबायोटिक आणि बुरशीचं औषध एकत्र असलेली ट्यूब हातात देतात, ती लोक सहा-सहा महिने लावत राहतात. कातडी कागदासारखी पातळ होऊन जास्तच फाटायला लागते. चिठ्ठीशिवाय मलम घेऊ नका.

लावायची पद्धत अशी. रोज कोमट पाण्यानं आंघोळ करताना किंवा नंतर कातडी हलकेच मागं न्यायची, ताण जाणवतो पण दुखत नाही तिथं थांबायचं, अर्धा-एक मिनिट धरायचं, सोडायचं, असं काही वेळा. मग कोरडं करून मटाराच्या दाण्याएवढंसुद्धा नको, त्यापेक्षा कमी मलम बोटावर घेऊन फक्त त्या घट्ट कडेला लावायचं, दिवसातून दोनदा किंवा डॉक्टर सांगतील तसं, साधारण चार ते आठ आठवडे. प्रत्येक वेळी कातडी पुढं आणूनच सोडायची, हे विसरायचं नाही. चिर पडली, रक्त आलं, तर भरेपर्यंत ताण देणं बंद. आठ दिवसात फरक पडला नाही म्हणून सोडून देणारे खूप, इथं फरक हळूहळू दिसतो. चार आठवड्यांनी डॉक्टरला परत दाखवा. ह्या मलमांनी, विशेषतः तेलकट मलमांनी, कंडोम कमजोर होतं आणि फाटू शकतं, ते पण ध्यानात ठेवा.

गुण आला तरी आंघोळीच्या वेळी कातडी मागं नेऊन धुणं रोज चालू ठेवायचं, नाहीतर परत आवळते. धुवायला नुसतं पाणी बास. डेटॉल, अंगाचा वासाचा साबण, शाम्पू आत लावू नका, त्यानंच आग होते. धुतल्यावर कोरडं करा, खानापूर बाजूला पावसाळ्यात चार-चार महिने कपडे नीट वाळत नाहीत, ओलसर अंडरवेअर घालून दिवसभर राहू नका.

पांढऱ्या, चकचकीत, कडक कातडीचं मात्र वेगळं. लायकेन स्क्लेरोससमध्ये जास्त ताकदीचं स्टिरॉइड, क्लोबेटासोल, डॉक्टरच्या देखरेखीखाली एक ते तीन महिने देतात. ह्या आजारात लघवीचं तोंड पण आवळत जातं आणि पुढं कॅन्सरचा धोका थोडा असतो, म्हणून इथं घरगुती प्रयोग अजिबात नकोत आणि बऱ्याच जणांना शेवटी ऑपरेशनच लागतं.

पाचवी पायरी: ऑपरेशन कधी, कुठलं

नीट मलम लावूनही फरक नाही, व्रण पडलेली कडक कातडी आहे, इन्फेक्शन परत परत होतंय, लघवी अडते, पॅराफायमोसिस होऊन गेला आहे, कॅन्सरची शंका आहे, तेव्हा ऑपरेशन.

सगळ्यात जास्त होतं ते सर्कमसिजन, म्हणजे सुंता, पुढची घट्ट कातडी काढून टाकणं. इथं माणसं थबकतात. "आमच्यात असं करत नाहीत" हे वाक्य मराठा घरातल्या पेशंटकडून, लिंगायत, जैन घरातल्या पेशंटकडून पण ऐकलंय, आणि त्या वाटण्याला मी हसण्यावारी नेत नाही, लोक काय म्हणतील ही भीती खरी असते. पण हे आजारासाठी केलेलं ऑपरेशन आहे, अपेंडिक्स काढतात त्याच्यात आणि ह्याच्यात धर्माचा काही संबंध नाही, केस पेपरवर तसं निदान लिहिलेलं असतं, आणि तुम्ही सांगितल्याशिवाय बाहेर कुणाला कळायचं कारणच नाही. घरात फक्त बायकोला आणि बरोबर येणाऱ्या एका माणसाला सांगा, "छोटं ऑपरेशन आहे" एवढं बाकीच्यांना पुरतं.

कातडी ठेवायचीच असेल तर डॉक्टरला प्रेप्युशिओप्लास्टीबद्दल विचारा. त्यात घट्ट कडेला छेद देऊन ती आडवी शिवतात, तोंड मोठं होतं आणि कातडी राहते. व्रण कमी असलेल्या माणसाला हे चालतं, लायकेन स्क्लेरोससमध्ये सहसा नको, परत आवळायची शक्यता राहते. डॉर्सल स्लिट म्हणजे वरच्या बाजूनं नुसता उभा छेद, ते जास्त करून तातडीच्या वेळी किंवा फार आजारी माणसाला करतात. आखूड शिरेसाठी फ्रेन्युलोप्लास्टी.

मोबाईलवर स्टेपलर आणि लेझरच्या जाहिराती सारख्या येतात, म्हणून विचारणारे पण वाढलेत. स्टेपलर एकदाच वापरायचं उपकरण असतं, एका झटक्यात कापतं आणि बारीक पिना लावतं, वेळ कमी, रक्त कमी, पिना नंतर दोन-चार आठवड्यात गळून पडतात, एखादी अडकली तर काढायला लागते. पण उपकरणाचा खर्च वर येतो. साध्या पद्धतीनं टाके घालून केलेलं ऑपरेशन तेवढंच चांगलं भरतं, सवयीच्या सर्जनच्या हातात काही कमी पडत नाही. माझं मत विचाराल तर मशीनपेक्षा सर्जन बघा, आणि कर्ज काढून स्टेपलर करू नका.

पैशाचं. खाजगीत जाणार असाल तर ऑपरेशन, भूल, उपकरण, औषधं, ड्रेसिंग सगळं धरून किती ते आधी कागदावर लिहून घ्या. आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक योजनेत बीपीएल कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत मोफत, एपीएलला (दारिद्र्यरेषेच्या वरच्या कुटुंबाला) पॅकेजच्या ३० टक्के, वर्षाला दीड लाखापर्यंत मिळतं. हे ऑपरेशन छोटं असल्यानं आधी सरकारी दवाखान्यातच विचारायचं, तिथं सोय नसेल तर रेफरल लेटर घेऊन पुढं जायचं. रेशन कार्ड, आधार बरोबर ठेवा आणि आरोग्य मित्राच्या (दवाखान्यात योजनेचं काम बघणाऱ्या माणसाच्या) टेबलावर आपल्या निदानाला योजना लागते का ते ॲडमिट व्हायच्या आधी विचारा, नंतर नाही.

ऑपरेशनच्या आधी

रक्त, शुगर, एचआयव्ही, कावीळ बी ह्या टेस्ट होतात, एचआयव्ही टेस्ट सगळ्यांचीच करतात त्यामुळं मनात काही आणू नका. शुगर जास्त असेल तर आधी ती खाली आणतात, नाहीतर टाके पिकतात. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल अशा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर नक्की सांगा. वर लिहिलेल्या डापाग्लिफ्लोझिन-एम्पाग्लिफ्लोझिन गोळ्या ऑपरेशनच्या साधारण तीन दिवस आधी थांबवायला सांगतात, तेही विचारून घ्या.

बहुतेकांना तिथंच मुळाशी इंजेक्शन देऊन बधीर करतात. इंजेक्शन टोचतं, जळजळतं, ते अर्धा-एक मिनिट. त्यानंतर हात लावलेला कळतो पण दुखत नाही. अर्धा-पाऊण तासात होतं आणि त्याच दिवशी घरी सोडतात. काढलेली कातडी पांढरी-कडक किंवा शंकेची असेल तर ती पॅथॉलॉजीला तपासायला पाठवा असं स्वतः म्हणा, आणि तो रिपोर्ट फाईलला लावून ठेवा.

ऑपरेशननंतर

पहिले दोन दिवस पट्टी कोरडी ठेवायची, मग डॉक्टर काढतात किंवा घरी ओली करून काढायला सांगतात, वाळलेली पट्टी ओढून काढू नका. टोक सुजलेलं, निळसर-पिवळं दिसतं, बघून धक्का बसतो पण आठ-पंधरा दिवसात उतरतं. इतकी वर्षं झाकलेलं टोक उघडं पडल्यामुळं कपडा लागला तरी झिणझिण्या येतात, त्याला व्हॅसलीन लावा आणि घरात सैल लुंगीवर राहा, दोन-तीन आठवड्यात सवय होते. झोपताना लिंग वर पोटाकडं ठेवलं की सूज कमी येते.

तरुण पोरांना सगळ्यात जास्त त्रास होतो तो पहाटेच्या ताठरतेचा, टाके ताणले जाऊन जाग येते. उठून लघवीला जाऊन या, चार पावलं चाला, थांबतं. झोपण्याआधी लघवी करून घ्या आणि मोबाईलवर नको ते बघू नका. दुखण्यावर पॅरासिटामॉल बास होते.

टाके विरघळणारे असतात, दोन-तीन आठवड्यात पडतात, स्वतः कात्री लावायची नाही. बसून काम असेल तर चार-आठ दिवसात जाता येतं. पण उद्यमबागेत फाउंड्रीवर काम करणारा, ऊसतोडीला जाणारा, दिवसभर ओझी उचलणारा, ह्यानं दोन-तीन आठवडे तरी धरून चालावं, आणि बाईक निदान आठवडाभर बंद, आपल्या रस्त्यांवर तर नकोच. संबंध आणि हस्तमैथुन चार ते सहा आठवडे नाही. टाके वरून भरलेले दिसतात पण आत कच्चे असतात, पंधराव्या दिवशी घाई करून फाटून परत शिवायला आलेले पेशंट बघितलेत, दुसऱ्यांदा शिवणं जास्त दुखतं. लग्नाची तारीख धरलेली असेल तर दोन महिने आधी ऑपरेशन उरकून घ्या, तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त असेल तर दिवाळीत यायचं नाही, गणपती झाले की यायचं.

रक्त थोडं पट्टीला लागतंच. पण स्वच्छ कापडानं दहा मिनिटं दाबून धरूनही थांबत नाही, लघवी होत नाही, ताप आला, पू यायला लागला, सूज उतरायच्या ऐवजी वाढतच चालली, टाके उसवून मोठी फट पडली, तर त्याच दिवशी दवाखान्यात या, फोनवर विचारत बसू नका. डिस्चार्जच्या वेळी रात्री कुठल्या नंबरवर फोन करायचा ते कार्डावर लिहून घ्या.

बायकोबद्दल आणि पुढच्या तपासणीबद्दल

संबंध टाळणारा नवरा बघून बायकोला वाटतं आपल्यातच काही कमी आहे, आणि घरात उगाच ताण वाढतो. तिला खरं सांगा. फायमोसिसमुळं वीर्य कमी होत नाही, मूल होण्यात अडचण आली तर ती संबंधच नीट होत नसल्यामुळं येते, उपचार झाल्यावर सुटते. तुम्हाला बुरशीचं इन्फेक्शन असेल आणि तिलाही खाज, पांढरं जाणं असेल तर दोघांनी एकाच वेळी औषध घ्यायचं, नाहीतर एकाचं बरं होऊन दुसऱ्याकडून परत येतं. पहिल्यांदा संबंध चालू करताना भरपूर ओलावा राहू द्या, पाण्यावर आधारित जेल मेडिकलमध्ये मिळतं, खोबरेल तेल कंडोमबरोबर वापरू नका.

साधं सर्कमसिजन भरलं की परत यायची गरज नसते. पॅथॉलॉजी रिपोर्टमध्ये लायकेन स्क्लेरोसस आलं असेल तर मात्र दुखत नसलं तरी डॉक्टर सांगतील तेवढ्या अंतरानं दाखवत राहायचं, आणि लघवीची धार बारीक व्हायला लागली किंवा टोकावर नवीन पांढरा डाग, न भरणारा घाव दिसला तर ठरलेल्या तारखेची वाट न बघता आधी यायचं, येताना तो जुना रिपोर्ट बरोबर आणायचा.